ड्रायव्हरचा चहा

भोरला रेल्वे यावी म्हणून गोरखतात्यांनी घसा फोडला होता. मुंबईतल्या रेल्वेच्या साहेबांनी एकदाची भेटीची वेळ दिली, तेव्हा तात्या नि त्यांचे दोस्त लतीफभाई मुंबईची गाडी धरायला पुणे स्टेशनात आले. गाडी लागताच तात्यांनी भोरच्या स्टँडवरच्या सवयीनं खिडकीच्या गजांतून टॉवेल आणि निवेदनाची फाईल आत सरकवून जागा धरली, आणि दोघं चहाला गेले.

“तात्या, गाडी सुटंल!”

“डायवर हितं चहा पितोय की,” तात्यांनी शेजारच्या गणवेशवाल्याकडं बोट केलं. “त्याचा कप रिकामा झाल्याबिगर आपली एसटी तरी हलती का?”

गाडी सुटली, टॉवेल आणि निवेदन घेऊन. गणवेशवाला बिस्किट बुडवत म्हणाला, “माझी गाडी पुढची.”



संध्याकाळी एसटीनं भोरला परतल्यावर तात्यांनी नवं निवेदन लिहायला घेतलं. पहिलीच मागणी होती : “भोरची रेल्वे ड्रायव्हरचा चहा झाल्याशिवाय सुटू नये.”