डावखुरा राजा

"मूळ चित्र समोरच्या गॅड्सबीचंच ना?" राखाडी कोटातल्या गृहस्थाने विचारलं, आणि बार्नबी थ्रिपच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सकाळपासून हे तिसऱ्यांदा. चित्र बार्नबीचं होतं. महाराज मुकुट उलटा धरून त्यातून सूप भुरकताहेत आणि उपाशी लंडनकर चमचा चाटायला रांग लावून उभे आहेत, ही कल्पना त्याची. तांब्याच्या पत्र्यावर ती कोरताना तीन आठवडे डोळ्यांचं पाणी झालं होतं. गॅड्सबीने दोन दिवसांत नक्कल मारून आपल्या दुकानाच्या खिडकीत लावली, आणि आता सगळी गल्ली तिथे खिदळत होती. बार्नबीच्या खिडकीबाहेर दोन धटिंगण तेवढे उभे होते.

"चित्राखाली नाव का नाही घातलंत?" गृहस्थाने विचारलं.

"हिला विचारा!" बार्नबीने बायकोकडे बोट दाखवलं.

हेस्टर मागच्या टेबलाशी छापलेल्या महाराजांचे गाल लाल रंगवत बसली होती. "नावाने पोट भरतं का? गप बस," ती मान वर न करता म्हणाली.

"ऐकलंत? जन्मभर हेच ऐकतोय. मरमर मी मरायचं आणि कौतुक त्या चोराचं!"

"आमच्या साहेबांना मूळ चित्रकारच हवाय," गृहस्थ शांतपणे म्हणाला. "नक्कल करणाऱ्यात त्यांना रस नाही. पण कळणार कसं? दोन्ही चित्रं सारखीच दिसतात."

त्याने खिशातून गॅड्सबीचं चित्र काढलं. त्याची नीट चौकोनी घडी होती, मागे तारीखही लिहिलेली होती.

"सारखी? डोळे फुटलेत का लोकांचे!" बार्नबीने ते हिसकावून आपल्या चित्राशेजारी ठेवलं. "बघा. माझा राजा चमचा उजव्या हातात धरतो, त्याचा डाव्या. पत्र्यावर कोरलेलं कागदावर उलटं उमटतं, म्हणून मी आधीच उलटं कोरतो. त्या गाढवाने माझं छापलेलं चित्र समोर ठेवलं आणि जसंच्या तसं कोरलं. झाला की नाही राजा डावखुरा?"

गृहस्थाने दोन्ही चित्रं निरखली आणि मान डोलावली.

"बार्नबी," हेस्टर म्हणाली. तिचा ब्रश थांबला होता. "हे गृहस्थ चित्र बघून एकदाही हसले नाहीत."

"कदर असलेला माणूस दात काढत नाही, हेस्टर! तुला काय कळतंय त्यातलं?"

त्याने कपाटामागून कापडात गुंडाळलेला पत्रा काढला आणि गृहस्थापुढे ठेवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचं काम इतकं मन लावून बघत होतं.

"हे लिहून द्याल?" गृहस्थाने विचारलं.

"हवं तर कोरून देतो!"

चित्र आपलंच, कल्पनाही आपलीच, असं बार्नबीने झोकात लिहिलं आणि खाली पूर्ण नाव घातलं. शाई वाळेपर्यंत गृहस्थ थांबला. मग कागद खिशात घालून त्याने दार उघडलं आणि बाहेरच्या दोघांना खूण केली. ते आत आले. हेस्टरच्या हातातला ब्रश खाली पडला.

बार्नबीचं तिकडे लक्षच नव्हतं. "आता त्या गॅड्सबीकडूनही वदवून घ्या," तो म्हणाला, "की तो चोर आहे म्हणून!"

"त्याने कालच कबूल केलं. न्यायाधीशांसमोर, शपथेवर," गृहस्थ म्हणाला. "'राजद्रोहाचं चित्र माझं नव्हे, मी ते नुसतं चोरलं.' आमचाच विश्वास बसत नव्हता."