नानांचा नेम

औषधमुक्तीच्या मेळाव्यात नाना काठी न टेकता स्टेजच्या चार पायऱ्या चढले आणि फैजपूरचं मंगल कार्यालय टाळ्यांनी दणाणलं. बायकांच्या बाजूला बसलेली त्यांची सून मयुरी तेवढी टाळी वाजवेना.

चार महिन्यांपूर्वी याच नानांच्या पायातली चप्पल वाटेत गळून पडायची आणि त्यांना पत्ताही नसायचा. जळगावच्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि सांगितलं, बी-बारा पार संपलंय. यांनी दूधदुभतंही सोडलंय, मग ते येणार कुठून? गोळ्या आता जन्मभर घ्यायच्या. बंद केल्या तर पाय पुन्हा जातील, आणि तेव्हा गेले की परत यायचे नाहीत. नाना तिथून सरळ उठून घरी आले होते. त्यांची बायको कुंदाबाई गेली तेव्हा तिच्या उशाशी औषधांचे अकरा डबे होते. ते सगळे नानांनी स्वतःच्या हातानं शेताच्या बांधावर पुरले आणि नेम घेतला, मरेन पण गोळी तोंडात घालणार नाही. नानांचा नेम म्हणजे नेम. एकदा चहा सोडला तो व्याह्यांच्या घरी, मांडवातसुद्धा घेतला नाही.

गोळी नको, पण केळीच्या खोडाचा रस चालत होता. रोज सकाळी मळ्यातून ताजं खोड यायचं. मयुरी रस काढायची आणि त्यात लाल गोळी खलून टाकायची. रंग लपावा म्हणून वर बिटाचा तुकडाही ठेचून घालायची. तिचा नवरा हितेंद्र जळगावहून गोळ्या आणून द्यायचा. पहिल्याच दिवशी त्यानं बजावलं होतं, "नानांना कळलं तर संपलं. मेलीस तरी बोलू नकोस."

"खोडाचा रस आणि बीट!" नाना माइकवर सांगत होते. "दुसरं काही नाही. पाय पाहा माझे!"

लोकांनी भराभर लिहून घेतलं. आयोजक छगनभाऊंना तर उधाणच आलं. "केळीची रोपं लॅबमधून आणली, इथपर्यंत ठीक," ते गरजले. "आता म्हणे माणसाचे जीन्स बदलून पोरंही मापात काढणार! व्हिटॅमिन डबीतलं, पोरं काचेच्या नळीतली! निसर्गानं काय दुकान बंद केलंय का?" हशा पिकला. मग त्यांनी स्टेजसमोर एक टोपली ठेवली. ज्याला औषधांतून मोकळं व्हायचं असेल, त्यानं आपली औषधं तिच्यात टाकावीत.

लोक उठले. कुणी बीपीच्या गोळ्या टाकल्या, कुणी साखरेच्या. मयुरी मान खाली घालून बसली. मोठी माणसं आहेत, आपलं बरंवाईट त्यांना कळतं, असं ती मनाला समजावत राहिली. मन काही ऐकेना.

तेवढ्यात तिच्या शेजारची बाई उठली. असोद्याची होती, मघाशीच दोघींचं बोलणं झालं होतं. कडेवर पाच वर्षांचा मुलगा. त्याला फिट यायच्या. औषध सुरू झाल्यापासून वर्षभरात एकही आली नव्हती. त्याच औषधाची बाटली आता बाईच्या हातात होती.

"अहो, हे नका टाकू!" मयुरीनं तिचा पदर धरला. "पोराचा जीव जाईल."

"नानाहीचे पाय आले ना वो," बाई म्हणाली. तिच्या डोळ्यांत आशा नुसती उतू चालली होती. "मंग माह्या पोराचं काहून नही होनार?"

पदर हातातून सुटला. बाई टोपलीकडे चालू लागली. मयुरीला काय करावं सुचेना. बोललं तर नाना जातात, गप्प बसलं तर हे पोर जातं. तिनं देवाचं नाव घ्यायला तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर पडलं.

"नाना, रसात मी गोळी घालत होते! रोज घालत होते!"

माइकशिवाय ते शेवटच्या रांगेपर्यंत पोचलं. कुणीतरी ओरडलं, "सासऱ्याला फसवते!" छगनभाऊ तिला स्टेजवरून हातानं खाली बसायला खुणावू लागले. नानांनी त्यांना थांबवलं.

"आणि बीट?" त्यांनी विचारलं.

"बीट रंगासाठी होतं, नाना."

नाना जपून पायऱ्या उतरले, टोपलीशी वाकले आणि नुकतीच पडलेली ती बाटली त्यांनी काढली. उपरण्यानं पुसून बाईच्या हातात दिली. "बाई, पोराले हे रोज पाज. म्या सांगितलं ते खोटं निंघालं," ते म्हणाले. हळूहळू बाकीचेही आपापल्या गोळ्या शोधायला आले. मयुरीला रडू कोसळलं. एवढ्या भीतीचं काही कारणच नव्हतं, नानांना पटलं, असं तिला वाटलं.

घरी जाताना नाना पुढे चालत होते. पाऊल कसं नीट, ठाम पडत होतं. तिनं धीर करून विचारलं, "रागावलात का, नाना?"

"नही बेटा. एक पोरगं वाचलं, तू बेस केलं." ते थांबले. त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पन नेम कुंदाच्या नावानं घेतला हाये. उद्यापासून रस मी माह्या हातानं काढीन."