शेजारची चौकशी

मुलाचं घर बघून झालं, चहा-पोहे झाले आणि मंडळी लिफ्टची वाट बघत उभी होती, तेवढ्यात शेजारच्या फ्लॅटचं दार उघडलं. दारात विजयश्री. अंगानं सुटलेली, केस रंगवलेले, पण हसू तेच.

“अगं बाई, सुमे! तू इथं?”

सुमनताईंचा चेहराच पडला. रावेतमध्ये एवढ्या इमारती उभ्या राहिल्यात, आणि नशिबानं नेमकी हीच शेजारीण गाठून द्यावी?

“तुमची ओळख आहे?” मुलाच्या आईनं विचारलं. तिचाही चेहरा उतरला होता, पण सुमनताईंना दुसऱ्या कुणाकडे बघायचं भान कुठलं!

“ओळख? अहो, संत तुकाराम नगरात एका ताटात जेवलोय आम्ही,” विजयश्री म्हणाली.

कुरुळीला घरी परत येईपर्यंत सुमनताईंचे यजमान उद्धवराव खुशीत होते. चौकशी म्हटलं की त्यांच्या अंगावर काटा येई. मुलाच्या, म्हणजे ज्ञानेशच्या कंपनीत त्यांनी विचारून पाहिलं होतं. मुलगा नवीनच लागलाय, पण कामाला चोख आहे, एवढंच कळलं होतं. शेजारी विचारायचं राहिलं होतं.

“सोन्याहून पिवळं झालं की! तुझी मैत्रीणच निघाली. आता मी कशाला जाऊ? तूच ये जाऊन.”

मैत्रीण! सुमनताईंनी कोणता ड्रेस घालायचा, कुणाशी बोलायचं, कुठल्या सिनेमाला जायचं, हे सगळं त्या काळी विजू ठरवायची. मनाविरुद्ध झालं की आठवडाभर अबोला, आणि मग सुमनताईंनीच रडत जाऊन माफी मागायची. पुढे सुमनताईंना नाशिकचं स्थळ आलं. मुलगा चांगला होता, त्यांच्या मनातही भरला होता. मुलाचे काका शेजारी चौकशीला आले आणि विजूनं त्यांना सांगितलं, “मुलगी गुणी आहे हो, फक्त अधूनमधून फिट येते.” स्थळ मोडलं. फिट कसली न् काय कसली! त्यानंतर सुमनताईंनी तिचं तोंड पाहिलं नव्हतं.

स्वतःचं झालं ते झालं. पण आता प्रश्न तेजस्विनीचा होता. पोर चाकणला एका कंपनीत क्वालिटीला, तिशीला टेकलेली. दोन स्थळं जमत जमत फिसकटली, तेव्हापासून ती आरशासमोर उभी राहीनाशी झाली होती. ज्ञानेश एकुलता एक, बोलायला मऊ, स्वतःचं घर. त्याचा फोन आला की ती गॅलरीत पळायची, आणि तिचं हसणं आतपर्यंत ऐकू यायचं. हे हसणं पुन्हा बंद झालं तर? सुमनताईंना जेवण जाईना.

शेवटी मनाचा हिय्या करून त्या एकट्याच रावेतला गेल्या.

विजूनं सरबत केलं, मायेनं पाठीवरून हात फिरवला. सुमनताईंनी ग्लासला हात लावला नाही.

“नाशिकचं स्थळ का मोडलंस, विजू?”

“अजून तेच घेऊन बसलीस?” ती हसली. “तू लांब गेली असतीस. मग मी एकटीनं काय करायचं होतं?”

इतकं सहज म्हणाली, की सुमनताईंना संतापण्याऐवजी भीतीच वाटली. त्यांनी सरळ पदर पसरला.

“माझं काय करायचं ते केलंस. माझ्या लेकराच्या आड येऊ नकोस. तुझ्याकडे चौकशीला कुणी आलं, तर तिच्याबद्दल वेडंवाकडं बोलू नकोस. बाकी काही नको मला.”

“एवढंच?”

“एवढंच.”

“आणखी काही विचारायचं नाही ना?”

“नाही गं.”

“तुझ्या गळ्याची शपथ, सुमे,” विजू म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. “पोरीबद्दल चांगलं तेच सांगीन. आणि एरवी तोंड उघडणार नाही.”

खाली उतरताना सुमनताईंना रडूच फुटलं. माणसं बदलतात, आपण उगाच इतकी वर्षं मनात धरून बसलो, असं वाटून त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

“काय म्हणाली?” उद्धवरावांनी घरी विचारलं.

“सगळं चांगलंच आहे.”

“मग उडवू बार!”

मुलाकडच्यांनी काही ताणून धरलं नाही. मानपान नको, फार गाजावाजा नको, फक्त लवकर उरकू, एवढंच त्यांचं म्हणणं. असे व्याही मिळायला भाग्य लागतं, असं उद्धवराव भेटेल त्याला सांगत सुटले.

लग्न चाकणच्या एका कार्यालयात लागलं. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, आणि हार घातलेली तेजस्विनी इतकी गोड दिसत होती की सुमनताईंची नजर हटेना. गर्दीतून वाट काढत विजू शेजारी येऊन उभी राहिली. सुमनताईंनी तिचे दोन्ही हात धरले.

“विजू, तू शब्द पाळलास. तुझे उपकार कसे फेडू?”

“उपकार कसले? तेव्हा बोलले तर माझ्यावर रुसलीस. या वेळी गप्प राहिले बघ, तुझ्यासाठी.”

मग ती स्टेजकडे बघत मायेनं म्हणाली, “तेजू गुणी आहे. त्यांची पहिली सूनसुद्धा अशीच गुणी होती गं, बिचारी.”