भिंतीतलं कपाट

चाराला दहा मिनिटं कमी असतानाच रशिदाचाची आल्या. उंबऱ्याबाहेर चपला सोडल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला आणि खुर्ची ओढून फोनकडे तोंड करून बसल्या. अख्ख्या आळीत फोन एकच, धुरपदाचा. सौदीत ड्रायव्हर असलेल्या चाचींच्या अलीमचा फोन गेली चार वर्षं दर शुक्रवारी चारला इथंच यायचा.

"लाइन आली का गं?"

"न्हाई अजून," धुरपदा म्हणाली. "कंप्लेंट दिलीय. खांबावरच कायतरी झालंय म्हणत्यात."

हे ती सलग तिसऱ्या शुक्रवारी सांगत होती, त्यामुळे आता ते तोंडात बसलं होतं. खरं काय झालं होतं ते चाचींच्या पाठीमागे भिंतभर उभं होतं.

शिरूरला एक दुकान बंद होताना भुशाच्या बोर्डाच्या तीन रॅका स्वस्तात मिळाल्या. धुरपदाने कुठल्याशा मासिकात एका बंगल्याचा हॉल बघून ठेवला होता. तिने तिन्ही रॅका भिंतीला खेटून उभ्या केल्या, मधल्या फटींत रंगाऱ्याची लांबी भरली, वर छतापर्यंत प्लायची पट्टी मारली आणि सगळं भिंतीच्याच रंगात रंगवून टाकलं. बघणाऱ्याला वाटावं, घर बांधतानाच गवंड्याने भिंतीत कपाट काढलंय. नवऱ्याने, भारतने, रांजणगावच्या कंपनीतून एका रविवारापुरतं ड्रिल मागून आणलं होतं. पण भोकं तिनेच मारली, कारण मशीन सुरू झालं की तो डोळे मिटायचा. घरात पुस्तकं होती एकोणीस. बाकीची तिने तळेगावच्या रद्दीवाल्याकडून किलोवर आणली, जाड जाड बघून.

चौथ्या भोकाला ड्रिल एकदम मऊ गेलं. भिंतीतल्या पाइपातून फोनची वायर गेलीय, हे तिला त्याच क्षणी आठवलं. रिसीव्हर कानाला लावला, तर आत विहिरीसारखं गप्प.

जोड द्यायचा तर मधली रॅक काढायला लागणार. आणि भुशाच्या बोर्डाचं असं, की एकदा पिळलेला स्क्रू काढला की त्या भोकात तो परत धरत नाही. बाहेरून नवी वायर ओढावी, तर ती कपाटावरून लोंबणार. येत्या रविवारी दौंडचे पाहुणे लेकीला, प्रांजलला, बघायला यायचे होते. पोरीच्या मागे हॉलमध्ये काहीतरी शोभेलसं दिसायला नको? एवढा रविवार जाऊ दे, असं धुरपदाने स्वतःला सांगितलं होतं. भारतला सगळं ठाऊक होतं, पण ड्रिल आणणारा माणूस काय बोलणार.

चार वाजले. चाची बोलायला लागल्या, ते धुरपदाशी नाही, फोनशीच बोलल्यासारखं. मागच्या खेपेला अलीमला ताप होता. आवाज बसलेला होता. दवाखान्यात जा म्हटलं, तर हो हो म्हणाला, आणि तो हो हो म्हणाला की जात नाही. तो तिकडच्या बूथवरून बोलायचा, त्यामुळे इकडून लावावा तर नंबरच नाही. पत्र टाकलंय, पण ते पोचायला वीस दिवस.

धुरपदाने चहा आणून दिला. साखर जास्तच घातली होती. गेले तीन शुक्रवार ती जास्तच घालत होती.

"परवा मी आपिसात जाऊन आले," चाची म्हणाल्या.

"कुठल्या?"

"फोनच्या. अयुब म्हणला, अम्मी मी जातो. म्हटलं न्हाई, मीच जाते."

तिथल्या माणसाने नंबर विचारला. कसलंसं मशीन लावून बघितलं आणि म्हणाला, लाइन घरापर्यंत चालू आहे, बिघाड असला तर घरातच असेल. वही उघडून दाखवली. या नंबरची कंप्लेंटच नाही म्हणाला. मग चाचींनी त्याला काही सोडला नाही. मागं रांग लागली, माणसं हसायला लागली, तरी त्या खिडकीवरून हलल्या नाहीत.

"म्हटलं बाबा, तुझी वही तपास. ती बाई नांदायला आली तवापसनं मी तिच्या शेजारी ऱ्हाते. बावीस वर्सं झाली. तिनं कंप्लेंट दिली म्हणली म्हंजी दिली. धुरपदा खोटं बोलायची न्हाई." चाचींनी उरलेला चहा बशीत ओतला. "लय बोलले त्याला. मग गप बसला बिचारा."

धुरपदा मग मधल्या रॅकपाशी गेली आणि किलोवर आणलेली पुस्तकं काढून जमिनीवर ठेवायला लागली.

"आज कशाला आवराय काढलंस?" चाची म्हणाल्या. "पाव्हणं तर रविवारी येणार ना?"

"चाची..." धुरपदा म्हणाली.

ती आतून स्क्रू ड्रायव्हर घेऊन आली. स्टुलावर चढून तिने वरचा स्क्रू उलटा पिळायला घेतला. रंगाचा पापुद्रा उडाला, लांबी तडकली. स्क्रू बाहेर आला तसा त्याच्यामागून तांबूस भुसा भुरभुर गळायला लागला.

चाची बशी खाली ठेवून लगबगीने उठल्या.

"थांब गं, फरशी खराब व्हईल," म्हणाल्या, आणि तिच्या हाताखाली त्यांनी आपला पदर पसरून धरला.