मशीनमधलं पाणी

कॉम्प्युटर दुरुस्त करायला आलेल्या नवीनने नळी ओढली आणि उकंडरावांनी नाकाला दुपट्टा लावला.

घमेल्यात हिरवट, चिकट काहीतरी पडलं, आजारी माणसाच्या लाळेसारखं. खोलीभर नालीचा वास सुटला.

"थू!" उकंडराव खिडकीतून बाहेर थुंकले. "लोकायची लग्नं या घाणीवर चालवून राह्यला काय रे हरीओम?"

हरीओम त्यांचा मुलगा. कारंज्यात लग्नांचं शूटिंग करायचा आणि घरी, देवघराच्या खोलीत, एडिटिंग. कॉम्प्युटर पाण्यावर थंड राहणारा होता. हल्ली सुरू केला की तापायचा आणि बंद पडायचा.

उकंडरावांना लग्नांशी घेणंदेणं नव्हतं. त्यांच्या बायकोचा, रुपाबाईचा, एकच व्हिडिओ होता, तो या मशीनमध्ये अडकला होता. गेल्या दिवाळीतला. त्यानंतर तिच्या किडन्या गेल्या आणि होळीला तीही गेली. आता तिचा आवाज त्यांना नीट आठवत नव्हता.

"यात थंड ठेवायचं कूलंट नाहीच," नवीन बोटं पुसत म्हणाला. "साधं पाणी हाये. त्यात शेवाळ धरते, मंग पंप चोक होते."

"कूलंटच भरलं ना बे," हरीओम म्हणाला. "अकोल्याहून पांढऱ्या कॅनीत आणलं होतं. मागच्या दिवाळीच्या आधी भरलं."

"कॅन कुठी होती?"

"हे काय, देवाच्या फळीखाली."

"मंग कूलंटवाल्यानं तुले येडा बनवलं."

नवीनने पंप उघडला. आत बुळबुळीत थर होता. चिमट्याने त्याने त्यातून एक काळं पडलेलं, बारकंसं पान काढलं. "आता हे कुठून आलं?"

"नालीतून. अजून कुठून येईन?" उकंडराव मागे सरकले. "फेक ते. मले उमासे येऊन राह्यले."

नवीनने पान घमेल्यात टाकलं. नळ्या धुतल्या. पिशवीतून कूलंटची नवी बाटली काढून उकंडरावांच्या हातात दिली.

"हे तं पाणीच दिसते," ते म्हणाले आणि बाटली जमिनीवर ठेवली.

"खाली नोका ठेवू काका. गोड असते हे. कुत्रं चाटते अन् मरते."

त्यांनी तोंड वाकडं करून बाटली उचलली, लांबूनच परत दिली आणि हात धोतराला पुसले. "असलं जहर घरात कायले ठेवता रे तुमी?"

कूलंट भरलं. पंखे फिरले. हरीओम पडद्यावरचा तापमानाचा आकडा बघत राहिला. आकडा वर चढला नाही.

"लाव आता," उकंडराव म्हणाले. हरीओमने माउस हातात घेतला, तसे ते पुढे सरकून बसले. नाकावरचा दुपट्टा काढला.

पडद्यावर रुपाबाई आली. नवं लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. उकंडराव त्यात पाठमोरे होते. देवाच्या फळीखालची पांढरी कॅन ओढून पेल्यात पाणी ओतत होते.

"प्रयागाचं गंगाजल पुरवून वापरा हो," ती म्हणाली. "पुन्हा कोण नेते आपल्याले?"

उकंडरावांचे डोळे भरले. आवाज असाच होता.

"रोज एक पळी घेत जाय, तब्येत सुधरते," पडद्यावरचे उकंडराव म्हणाले.

तिने ओंजळ केली, आणि पेल्यात वाकून पाहिलं. "यात तुळस नाही दिसत."

"मी कॅनीतच टाकली हाये पानं. खाली बसली असतीन."

ती प्यायली. ओला हात डोक्यावरून फिरवला आणि हसली.

"गोड लागते हो! अजून एक पळी द्या."