फक्कीची रेघ

घमेल्यातली चुन्याची फक्की मुठीमुठीने सोडत ममता पुढे चालली होती आणि तिच्यामागे अर्धी कॉलनी. रविवारची सकाळ, थंडीचं कोवळं ऊन. कुणाच्या हातात चहाचा कप, कुणी अजून शालीत. फुकटचा तमाशा असला की ड्यूटीला न उठणारी माणसंही लवकर उठतात.

ममता बाहेरगावी एम.ए. करत होती. शहर वसवताना माणसालाही न्याय मिळावा आणि पाण्यालाही, असा काहीसा तिचा विषय. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या या कॉलनीने त्याचा आपल्यापुरता अर्थ लावला होता : बळीरामची पोरगी नालीत एम.ए. करते. तिने ते कधी मनाला लावून घेतलं नाही.

नाली होतीच. क्वार्टरांच्या मागून जायची. जो तो आपलं कुंपण थोडं थोडं पुढे सरकवत गेला, नाली बुजली आणि तिच्यावर भाजीच्या बाड्या पिकल्या. पावसाचं पाणी मग खालच्या बस्तीत शिरू लागलं. यंदा ते तिथल्या ताराच्या चुलीपर्यंत आलं होतं. तारा आज सगळ्यांच्या मागे चालत होती.

कागदावरचा नकाशा लोक घडी घालून ठेवून देतात. म्हणून ममताने जुन्या नालीची वाट जमिनीवरच आखायला घेतली होती. लोकांनी आपणहून कुंपणं मागे घेतली, तरच पुढच्या पावसाआधी ती मोकळी होणार होती. रेघ ज्याच्या बाडीत शिरे तो तेवढा गप्प होई, बाकीचे माना डोलावत. पण कुंपण काढायला कुणी तयार नव्हतं. आधी तिच्या बापाच्या दारात काय होतं ते पाहू, असं सगळ्यांचं ठरलं होतं.

बापाचं दार आलं. बळीरामचा वालाचा मांडव शेंगांनी लगडलेला होता. फर्नेसवरची ड्यूटी सोडली तर त्याचा सगळा जीव या बाडीत. पहिल्या तोडीच्या शेंगा तो घरोघर वाटायचा, ताराकडेसुद्धा. आता हातात पाण्याचा पाइप धरून तो नुसता उभा होता.

"बाबा, मांडव मधात येते," ममता म्हणाली.

उत्तर दिलं ते शेजारच्या मारोतरावांनी. त्यांनी नालीवर स्कूटरसाठी पक्की खोली बांधली होती, त्यामुळे त्यांना एकाएकी वालाची दया आली. "हातभर वळव ना बाई. बापाच्या मेहनतीचं आहे. कोन काय म्हनून राहिलं तुले?"

खरंच कुणी काही म्हटलं नसतं. अशा जागी भल्याभल्यांचा हात वळतो, आणि एकदा वळला की पुढे प्रत्येक दारात वळवावा लागतो. ममताने बापाकडे एकदा पाहिलं. मग ती वाकली, मांडवाखाली शिरली आणि वेलांच्या मुळांवरून रेघ सरळ ओढत नेली. पलीकडे निघाली तेव्हा तिच्या केसांत वालाची फुलं अडकली होती आणि डोळ्यांत पाणी होतं. कौतुक करावं तर अशा पोरीचं.

सगळे बळीरामकडे पाहू लागले. मारोतरावांनी सुस्कारा सोडला. "बळीराम, याच्यासाठी शिकवाले धाडलं होतं पोरीले?"

बळीरामने पाइप खाली टाकला. रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत डोळ्यांनी तपासली. मग कुंपणाचा पहिला खांब दोन्ही हातांनी हलवून उपटला आणि बाजूला ठेवला.

"याच्यासाठीच," तो म्हणाला. त्याने ममताच्या हातातलं घमेलं घेतलं आणि चालू लागला. "मारोतराव, खोलीचं दार उघडा."