पाठकोरा कागद

“गुप्तता हाच कंपनीचा श्वास आहे!” असं गरजून कृष्णकांत साहेबांनी टेबलावर मूठ आपटली. मूठ चहाच्या बशीवर पडली. श्वास पुसायला शिपाई शालिकरामला बोलवावं लागलं.

शालिकरामनं आरोपीच्या खुर्चीतल्या शामलाकडे देवळात बघावं तसं बघितलं, टेबल पुसलं आणि तो गेला. चौकशी पुढे सुरू झाली.

नागपुरातल्या त्या मँगनीज कंपनीत १९८६ साली संगणक आला. त्याला हार घातला, नारळ मात्र पाणी उडेल म्हणून दाराबाहेर फोडला. तो चालू करायचा परवलीचा शब्द एकट्या शामलाला माहीत होता. खोलीतलं काही बाहेर सांगणार नाही, असं तिच्याकडून स्टॅम्पपेपरवर लिहून घेतलं होतं. चार तारखेला साहेबांच्या हुकमानं तिनं एक यादी छापली. संगणक आला म्हणून घरी पाठवायच्या अकरा टायपिस्टांची. पहिली प्रत फिकट आली, म्हणून दुसरी काढली. तेरा तारखेला त्यातली एक प्रत युनियनच्या फळ्यावर टाचलेली सापडली.

शब्द शामलाचा, म्हणून चोरीही शामलाची. साहेबांपुरता निकाल लागलेला होता.

चौकशीला सीताबर्डीचे ताराचंद वकील आले होते. संगणकातली चोरी कोणत्या कलमात बसते, हे ते आठवडाभर शोधत होते. पुस्तकात संगणक नव्हता. जवळात जवळ विजेची चोरी होती. तिच्यावर बोट ठेवून ते आले होते.

शामलाच्या बाजूला युनियनचे चंपतराव बसले होते. “यादी आमच्याकडे कशी आली, ते आम्ही मेलो तरी सांगणार नाही,” ते म्हणाले. ती शामलानं दिली असं ते म्हणत नव्हते. नाही दिली असंही म्हणत नव्हते. पुढारी असेच घडतात.

शामलाच्या वडिलांची गिरणी बंद पडली होती. घरात मिळवणारी ती एकटी. नोकरी गेली तर काय, याचा विचार ती आठ दिवस करत होती आणि आठ दिवस तिला कोणी करू देत नव्हतं. टायपिस्ट बायका तिला वाघीण म्हणू लागल्या होत्या. पूर्वी तिला ‘साहेबांची मशीनवाली’ म्हणणाऱ्या याच. प्रयागबाईंची टायपिंगमध्ये बावीस वर्षं झालेली. त्यांनी त्याच सकाळी तिच्या केसांत शेवंतीचं फूल खोचलं होतं. म्हणाल्या होत्या, “आमच्यासाठी नोकरी पणाले लावली वं पोरी तुनं.”

शामलानं नाही म्हणायला तोंड उघडलं होतं, पण फूल फार नीट बसलं होतं.

“हाच तो पुरावा,” म्हणून ताराचंद वकिलांनी यादी खिडकीकडे धरली. पुराव्याला कोणी हात लावायचा नाही, अशी साहेबांची सक्त ताकीद होती. त्यामुळे ती अजून कोणी उलटून पाहिली नव्हती. कागदावर चौफेर घड्या पडल्या होत्या. उन्हात त्यातून निळी शाई दिसली. आकडे. उलटे, वाकडेतिकडे.

शामलाला कळलं. वाया गेलेले छापील कागद साहेब रोज संध्याकाळी काखेत मारून घरी नेत. पाठकोरे असत, मुलीला रफ कामाला होत. सगळ्या ऑफिसला हे ठाऊक होतं. कोणाला त्यात गुप्ततेचा भंग दिसला नव्हता. काटकसर दिसली होती.

दाराच्या फटीतून अकरा बायका आत बघत होत्या.

शामलानं केसांतलं फूल चाचपलं. मग म्हणाली, “वकीलसाहेब, कागद उलटा करा.”

मागे लसावि आणि मसावि होता. वर कोपऱ्यात साहेबांच्या मुलीचं नाव, इयत्ता सातवी, तुकडी ब. दोन गणितं चुकली होती.

साहेब बशीकडे बघू लागले. चंपतराव खाकरले. “बर्डीवर फुटाणे घेतले होते गा,” ते वकिलांना म्हणाले, “त्याची पुडी होती थे.” साहेबांच्या घरची रद्दी फुटाणेवाल्यापर्यंत कशी गेली, हे विचारायची कोणाला गरज वाटली नाही.

ताराचंदांनी विजेची चोरी मिटवून ‘निर्दोष’ लिहिलं. शामलाची नोकरी वाचली. ती बाहेर आली.

बाहेर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. दहा जणी जागेवर गेल्या होत्या. प्रयागबाई तेवढ्या उभ्या होत्या.

“म्हणजे यादी तू नाही दिली.”

“नाही, बाई.”

“पण छापली तूच. चार तारखेले.”

“हो.”

“सात तारखेले मी तुले विचारलं होतं. भंडाऱ्याच्या शाळेत टायपिस्टची जागा निघाली, जाऊ का म्हणून. तू म्हणाली, तुमच्या मनाले विचारा.”

शामलाला स्टॅम्पपेपरवरचं वाक्य न् वाक्य पाठ होतं. त्यातलं एकही इथे बोलण्यासारखं नव्हतं.

“मले तोंडानं नसतं सांगितलं तरी चाललं असतं वं. नुसती मान हलवाची.”

शामलानं मान खाली घातली. प्रयागबाईंचा आवाज मग नेहमीसारखा झाला, एखादीकडे टाचणी मागावी तसा.

“बरं, एक चिठ्ठी काढून दे तुझ्या मशीनवर. शाळेले विचाराचं आहे, जागा भरली का म्हणून. माझ्या टाइपरायटरची फीत त्यायनं सकाळीच काढून नेली.”